मेंदूचं ऑपरेशन झालेलं लेकरू घरी आल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लेकीच्या लहान मेंदूतली गाठ काढली तेव्हा ती आठ वर्षांची होती. ऑपरेशन पुण्यात झालं, त्यानंतरचं सगळं सोलापुरात. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. मशीनवर बसलेली असतानाच फोन येतात. कुणाच्या भाचीचं ऑपरेशन ठरलेलं असतं, कुणाचा मुलगा कालच घरी आलेला असतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. औषधाचं प्रमाण, टाके, स्कॅन यांत तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा.

गाठ म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. मेंदूतल्या गाठींचे पुष्कळ प्रकार आहेत. आमच्या लेकीची निघाली ती पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य. ही सावकाश वाढते आणि पूर्ण काढता आली तर बहुतेक वेळा किमो किंवा रेडिएशन लागत नाही, फक्त काही वर्षं ठरावीक अंतरानं एमआरआय करत राहावं लागतं. त्याच जागी होणारी मेड्युलोब्लास्टोमा मात्र ग्रेड ४ ची, म्हणजे झपाट्यानं वाढणारी, तिला ऑपरेशननंतर पुढचे उपचार लागतात. नेमकी कुठली, हे काढलेल्या तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तो रिपोर्ट यायला दिवस लागतात. त्या दिवसांत नातेवाइकांचे फोन घेऊ नका, एवढंच सांगेन.

आधी कळलं कसं नाही, असंही लोक विचारतात. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखायचं, उलटी झाली की बरं वाटायचं. आम्ही सहा आठवडे पित्त समजून कोकम सरबत देत होतो. चालताना भिंतीला हात लावायला लागली तेव्हा उठलो.

घरी आणायच्या आधी काय तयारी करायची?

कपडे. हे कुणी सांगत नाही. डोक्यावरून घालायचा टी-शर्ट टाक्यांना घासतो आणि लेकरू किंचाळतं. मी उरलेल्या सुती कापडातून पुढून उघडे, मोठ्या गळ्याचे सहा सदरे शिवले, बटणांऐवजी नाड्या लावून. शिवता येत नसेल तर बाबांचे जुने शर्ट बाह्या कापून चालतात.

दुसरं न्हाणीघर. लहान मेंदूचं काम तोल सांभाळण्याचं. तिथं ऑपरेशन झालेलं लेकरू दारू प्यायल्यासारखं चालतं (माझ्या सासूबाईंचे शब्द, राग मानू नये). आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं न्हाणीघरात पिंप, बादल्या, कळशा यांची दाटी, आणि फरशी कायम ओली. आम्ही पिंपं अंगणात काढली, आत प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आणि ती आत असताना कुणीतरी दारात उभं. कडी लावायची नाही.

खाट भिंतीला लावा. जिना असेल तर खालीच अंथरूण करा. उशी किती उंच ठेवायची हे सुट्टी मिळताना विचारून घ्या.

टाक्यांवर पाणी, तेल, अंगारा?

पाणी कधी लावायचं ते सर्जन सांगतील. टाके साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत काढतात. तेल जखम पूर्ण भरेपर्यंत नाही, आजी कितीही म्हणाली तरी नाही. अंगाऱ्याला नाही म्हणून घरात भांडण ओढवून घेण्यात अर्थ नाही. तुळजापूरचा आला, अक्कलकोटचा आला, आम्ही तो तिच्या मनगटाला लावला. जखमेच्या आसपास राख, हळद, कुंकू काहीही जाता कामा नये.

जखम लाल होऊन सुजली, पू आला, ताप आला, किंवा जखमेतून पाण्यासारखं पातळ काही झिरपून उशी ओली दिसली, तर सकाळची वाट बघू नका. ते पाणी मेंदूभोवतालचं असू शकतं.

ऑपरेशन चांगलं झालं म्हणतात, मग लेकरू बोलत का नाही?

हा प्रश्न रडत विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

लहान मेंदूच्या भागातली गाठ काढल्यावर काही मुलांचं बोलणं एक-दोन दिवसांत, कधी आठवडाभरात, थांबतं. शुद्धीवर आल्यावर ‘आई’ म्हणालेलं लेकरू तिसऱ्या दिवशी गप्प. सोबत चिडचिड, अंग ढिलं पडणं, गिळायला त्रास. डॉक्टर याला सेरेबेलर म्युटिझम किंवा पोस्टेरियर फोसा सिंड्रोम म्हणतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाला हे होतं, इतर गाठींत कमी. बोलणं बहुतेक मुलांचं परत येतं, पण आठवडे लागतात, काहींना महिने. परत येताना ते आधी कुजबुजीसारखं, मग एकेक शब्द, मग लांबवलेल्या सुरात येतं. लेकरू हट्ट करत नसतं, रुसलेलं नसतं, आणि त्याला काही ‘बाहेरचं’ झालेलं नसतं.

आमची लेक एकोणीस दिवस बोलली नाही. विसाव्या दिवशी पंख्याकडं बघून “बंद” म्हणाली. मी पंखा बंद केला आणि मे महिन्यात तसाच तासभर बंद ठेवला.

पुण्यातल्या स्पीच थेरपिस्टनी जे सांगितलं तेच मी फोनवर सगळ्यांना सांगते. प्रश्न एकदा विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. मोजून होईपर्यंत पुन्हा विचारायचं नाही, दुसऱ्या शब्दांत विचारायचं नाही, आणि उत्तर आपण द्यायचं नाही. मेंदूला ऐकून, समजून, शब्द काढून, तोंड हलवायला वेळ लागतो. मध्येच दुसरा प्रश्न आला की पहिलं सगळं पुसतं आणि बिचारं पुन्हा शून्यापासून सुरू करतं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. आपल्या घरात दोन सेकंद कुणी गप्प बसत नाही. तिला “दूध पाहिजे?” विचारलं की आजी म्हणायची “पाहिजे की”, आजोबा म्हणायचे “नको असेल”, आणि भाऊ पिऊन टाकायचा. शेवटी माझ्या नवऱ्यानं नियम केला : तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यानं दिलं तर भांडी त्यानं घासायची. आजोबांनी आठवडाभर घासली.

घरात तेलुगू, शाळेत मराठी. कुठल्या भाषेत बोलायचं?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून हा फोन फार येतो, आणि कन्नड घरांतूनही. ज्या भाषेत तुम्ही त्याला झोपवत होता त्याच भाषेत. ‘दोन भाषांनी गोंधळेल’ म्हणून घरची भाषा बंद करू नका, ती त्याची सगळ्यात घट्ट धरलेली भाषा असते. थेरपिस्टना घरची भाषा येत नसेल तर पाणी, भूक, दुखतंय, शी, नको असे रोजचे पंधरा-वीस शब्द कागदावर लिहून द्या.

इतकं खातंय का आणि इतकं चिडतंय का?

बहुधा स्टेरॉइडमुळं. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात. त्यानं भूक लागते म्हणजे काय लागते! आमची लेक रात्री तीन वाजता उठून धपाटे मागायची, बोलता येत नव्हतं तेव्हा थापल्याची खूण करून. गाल फुगतात, झोप उडते, रडायला येतं. गोळी कमी होत गेली की हे उतरतं. पण मनानं बंद करायची नाही. ती पायरीपायरीनं कमी करतात, एकदम थांबवली तर अंगावर येते.

झटक्यांवरचं लेव्हेटिरासेटामही काही मुलांना फार चिडकं बनवतं. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात. तेही परस्पर थांबवायचं नाही.

इथं माझी एक चूक सांगते. नवरा दुसऱ्या पाळीहून आला आणि त्यानं रात्रीची गोळी दिली. मी आधीच दिली होती. घाबरून वॉर्डात फोन केला, त्यांनी लक्ष कशावर ठेवायचं आणि पुढची गोळी कधी द्यायची ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कालनिर्णयला दोऱ्यानं पेन बांधलं. गोळी देणाऱ्यानं त्या तारखेवर आपलं अक्षर लिहायचं. अक्षर नाही म्हणजे गोळी नाही. आजही तसंच चालू आहे.

खाण्याचं पथ्य काय?

वांगं, दही, आंबट यांनी जखमेत पू होतो असं सगळ्यांनीच सांगितलं. आमच्या सर्जननी हसून सांगितलं की जखम भरायला प्रथिनं लागतात, अंडं-डाळ-दूध द्या. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर घरचं साधं जेवण चालतं. शेंगाचटणी तिखट म्हणून थोडे दिवस लांब ठेवली, एवढंच.

खरं बघायचं ते गिळणं. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा होतो का? तसं असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं, गिळण्याची तपासणी होईपर्यंत घाई करू नका. आमच्याकडं पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पेज नीट जायची. कडक भाकरी आमटीत पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवून द्यायला थेरपिस्टनी परवानगी दिली, त्या दिवशी सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

आणि पोट साफ राहू द्या. कुंथल्यानं डोक्यावर ताण येतो.

झटका आला तर?

कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या वर गेला, एकामागून एक आले, श्वास नीट वाटत नाही, किंवा हा आयुष्यातला पहिलाच झटका आहे, तर १०८ ला फोन. शक्य असेल तर एकानं मोबाइलवर चित्रण करावं, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. अंगात आलं म्हणून आरती सुरू करणारे लोक असतात. त्यांना बाहेर बसवा.

शंट बसवला आहे. काय लक्ष ठेवायचं?

मेंदूच्या पोकळ्यांत साठणारं पाणी पोटात उतरवायला कातडीखालून घातलेली नळी म्हणजे शंट. तो सगळ्यांना लागत नाही. कुणाला दुर्बिणीनं आतल्या आत वाट करून देतात, आणि आमच्या लेकीला नुसती चार-पाच दिवस ते पाणी बाहेर काढणारी पिशवी होती.

शंट तुंबू शकतो, बसवल्यानंतर काही दिवसांत किंवा काही वर्षांनीही. डोकेदुखी, उलट्या, वाढती गुंगी, डोळे वर न उचलता येणं, चालण्यात नवा बिघाड ही त्याची लक्षणं. ताप आणि नळीच्या वाटेवर लाली असेल तर जंतुसंसर्गाचा संशय. ‘दमलंय, झोपू दे’ हे वाक्य इथं घातक ठरतं. हाक मारून, चिमटा काढून लेकरू नीट उठत नसेल तर निघा. पुणं अडीचशे किलोमीटर आहे. आधी सोलापुरातच, सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेल्या जवळच्या दवाखान्यात, आणि वाटेत पुण्याला फोन.

शंटचं कार्ड, डिस्चार्ज समरी आणि औषधांची यादी एका पिशवीत दारामागं टांगून ठेवा, फोटो दोघांच्या मोबाइलवर. काही शंटची झडप चुंबकानं जुळवलेली असते. अशा मुलाच्या डोक्याजवळ चुंबकाची खेळणी नकोत, आणि एमआरआयनंतर झडप तपासून घ्यावी लागते.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं?

दारावर पाटी लावा. आम्ही लावली होती : ‘लेकरू झोपलं आहे. चहा पुढच्या महिन्यात.’ दोघं रुसले, अजून रुसलेलेच आहेत. सर्दी-खोकला, कांजिण्या असलेल्या घरातून कुणी येऊ नये हे तर स्पष्ट सांगा, स्टेरॉइड किंवा किमो चालू असलेल्या मुलाला साधी कांजिणीही जड जाते.

मदत करायची आहे म्हणणाऱ्याला नेमकं काम द्या. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणाऱ्या शेजारणीला मी म्हटलं, पाणी येईल त्या दिवशी आमची पिंपं भरून दे. तिनं चार महिने भरली. माझ्यासाठी त्याहून मोठी मदत कुणी केली नाही.

मोठ्या भावंडाकडं दुर्लक्ष होतं का?

होतं. आमचा मुलगा बारा वर्षांचा. ऑपरेशनच्या काळात तो अक्कलकोट रोडला मामाकडं राहिला, शहाण्यासारखा वागला, काही मागितलं नाही. आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगत होतो. एका रात्री विचारतो, “मी तिला सायकलवरून पाडलं होतं. त्यानंच गाठ झाली ना?” चार महिने ते पोटात घेऊन फिरत होता. पडल्यानं ही गाठ होत नाही. हे भावंडांना न विचारताच सांगून टाका, पहिल्याच दिवशी सांगा.

नंतर आम्ही रविवार सकाळ त्याची ठेवली. बाप-लेक दोघंच बाहेर, आणि वाटेत बहिणीचा विषय नाही.

व्यायाम घरी कसा घ्यायचा?

फिजिओथेरपिस्टनी दाखवला तसाच, रोज, थोडा थोडा. आमच्या घरात फरशीच्या रेघेवरून चालणं होतं, टाचेला चवडा लावून. बोटांसाठी माझा बटणांचा डबा. पांढरी वेगळी, निळी वेगळी, मग दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. सुरुवातीला एक बटण उचलताना हात इतका थरथरायचा की मला बघवायचं नाही. मी पाठ करून मशीन चालवायची आणि टिनच्या झाकणात पडणारी बटणं कानानं मोजायची. पहिल्या दिवशी अकरा. दिवाळीच्या सुमारास तिनं माझ्या ऑर्डरची शंभर बटणं वेगळी करून दिली, आणि मजुरी मागितली.

दमली की थांबायचं. डोक्याच्या ऑपरेशननंतरचा थकवा झोपून लगेच जात नाही, महिनोन्‌महिने राहतो. तो आळस नव्हे.

शाळेत कधी पाठवायचं?

डॉक्टर हो म्हणाले की, पण पूर्ण दिवस नाही. आमची लेक आधी दोन तास जायची, मधल्या सुट्टीपर्यंत, आठवड्यातून तीन दिवस. पूर्ण दिवस व्हायला अर्धं वर्ष गेलं.

एका शाळेनं आम्हाला ‘बरी झाली की आणा’ म्हणून परत पाठवलं होतं. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी घेतलं. मी त्यांना एका कागदावर पाच गोष्टी लिहून दिल्या : पुढच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसवा. फळ्यावरचं उतरवायला लावू नका, छापील द्या. एका वेळी एकच सूचना. खेळाच्या तासाला डोक्याला चेंडू लागेल असं काही नको. आणि दहापर्यंत मोजा. पाचव्या गोष्टीवर बाई अडल्या. पन्नास मुलांच्या वर्गात दहा सेकंद म्हणजे गोंगाट. मग त्यांनीच युक्ती काढली. तिला कुठला प्रश्न विचारणार ते आदल्या तासाला हळूच सांगून ठेवायच्या.

येतं तेवढंच येतं, पण सावकाश, हे लक्षात ठेवा. पाढे तिला पाठ होते, घाईत निघत नव्हते. रेडिएशन झालेल्या मुलांत वेग आणि स्मरण यांचा त्रास काही वर्षांनी जास्त दिसू शकतो, म्हणून बुद्धीची आणि स्मरणाची तपासणी एकदा करून घ्या आणि जपून ठेवा. अडचण कायमची राहिली तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खाली प्रमाणपत्र मिळू शकतं. मग दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात.

सोलापूरचा उन्हाळा आणि गड्डा?

उन्हात दुपारी काढूच नका. ताज्या व्रणाला ऊन सोसत नाही, सैल सुती टोपी घाला. झटक्यांच्या काही औषधांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं, ते औषध आपलं आहे का हे विचारून घ्या. विहीर, तलाव, पोहणं हे डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत बंद.

गड्ड्याचा, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचा, प्रश्न दर जानेवारीला येतो. गर्दी, भोंगे, पाळणे, दारूकाम हे सगळं ऑपरेशन झालेल्या डोक्याला फार होतं. आम्ही पहिल्या वर्षी नंदीध्वजांची मिरवणूक ओळखीच्या माडीवरून बघितली, कानात कापूस घालून, वीस मिनिटं. खाली पांढऱ्या बाराबंद्यांची गर्दी आणि वर सात काठ्या डुलताना. पाळण्याचा हट्ट केला. नाही म्हटलं. रडली. चालायचंच.

पैशाचं कसं जमवलं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूची बरीच ऑपरेशन्स बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दवाखाना योजनेत आहे का ते भरती होण्याआधी विचारा. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ असू द्या. घरी आल्यानंतरच्या थेरपीचा आणि प्रवासाचा खर्च मात्र बहुतेक आपल्याच खिशातून जातो. आम्ही माझी दुसरी मशीन विकली.

पुण्याला तपासणीला नेताना?

सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, संध्याकाळी तीच परत. गाडीपेक्षा रेल्वे बरी, धक्के कमी. एमआरआय भूल देऊन असेल तर किती वाजल्यापासून उपाशी ते आदल्या दिवशी फोन करून ठरवून घ्या. आम्ही एकदा सकाळी तिला दोन बिस्किटं दिली आणि सगळी फेरी वाया गेली.

लेकराला काय सांगायचं?

खरं, थोडक्यात. आमच्या लेकीनं विचारलं होतं, “माझं डोकं मागून उघडं आहे का?” मी माझाच हात तिच्या मानेमागं नेऊन दाखवला, इथं शिवलंय, मी शिवते तसंच. मग म्हणाली, “दोरा कुठल्या रंगाचा?”

केसात व्रण दिसतो. लोक विचारतात तेव्हा?

मागच्या महिन्यात एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एक बाई तिची वेणी बाजूला करून म्हणाल्या, “अगं बाई, हे काय झालं गं?” मी बोलायला तोंड उघडलं. मुलानं टेबलाखालून माझा हात दाबला. आम्ही तिघं गप्प बसलो. त्या बाई एकदा माझ्याकडं, एकदा नवऱ्याकडं बघायला लागल्या. माझं आठपर्यंत मोजून झालं होतं.

“गाठ होती. काढली,” लेक म्हणाली. “जिलेबी वाढा.”